एमबीआरचं मेंब्रेन चोक होतंय: धुण्याआधी काय बघायचं, धुताना काय सांभाळायचं

सांडपाणी शुद्ध करणाऱ्या एमबीआर (मेंब्रेन बायोरिअ‍ॅक्टर) प्लांटवरून रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन येतो. "सर, व्हॅक्यूम वाढलाय. सीआयपी लावू का?" माझं उत्तर ठरलेलं असतं: "थांब. रिलॅक्समध्ये गेज किती दाखवतंय ते आधी सांग." (सीआयपी म्हणजे मेंब्रेन जागेवरच केमिकलने धुणं, आणि रिलॅक्स म्हणजे सक्शन पंप थोडा वेळ थांबतो तो काळ.)

निम्म्या वेळा पुढचं संभाषण तिथेच वळण घेतं. कधी मेंब्रेनला काहीच झालेलं नसतं. कधी ते चोक असतं, पण कारण मेंब्रेनमध्ये नसून एरेशन टाकीतल्या (जीवाणूंना हवा देतात त्या टाकीतल्या) गाळात, कचरा अडवणाऱ्या स्क्रीनच्या कडेला राहिलेल्या फटीत किंवा हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या, पण बंद पडलेल्या डिफ्यूजरमध्ये असतं. अशा वेळी केमिकल क्लीनिंग लावलं की चार दिवस आकडे छान दिसतात आणि पाचव्या दिवशी तोच फोन पुन्हा येतो. म्हणून या लेखात धुण्याची पायरी मुद्दाम शेवटी ठेवली आहे.

नेमकं काय मोजायचं असतं

एमबीआर म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड स्लजची, म्हणजे जीवाणूंच्या गाळाने सांडपाणी शुद्ध करणारी, नेहमीची टाकी, फक्त गाळ खाली बसवणाऱ्या सेटलिंग टँकच्या जागी मेंब्रेन. त्याची छिद्रं साधारण ०.०३ ते ०.४ मायक्रॉनची, त्यामुळे गाळ आणि बहुतेक सगळे जीवाणू आत अडकतात आणि स्वच्छ पाणी, म्हणजे पर्मिएट, बाहेर ओढलं जातं. सुरुवातीच्या काळात, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, मेंब्रेन टाकीबाहेर असायचं आणि त्यातून गाळ जोरात पंप करावा लागायचा. वीज बेसुमार जायची. १९८९ साली जपानमध्ये काझुओ यामामोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंब्रेन थेट एरेशन टाकीत बुडवून हलक्या सक्शनने पाणी ओढून दाखवलं, आणि आजचे बहुतेक प्लांट त्याच वाटेने चालतात. ही गोष्ट इथे सांगायचं कारण एवढंच की हलकं सक्शन हा या पद्धतीचा पायाच आहे. मेंब्रेन चोक झालं म्हणून पंपाचा वेग वाढवून पाणी ओढणं म्हणजे गाळ छिद्रांत आणखी ठासून बसवणं.

तीन आकडे रोज हाताशी हवेत. पहिला फ्लक्स: एका चौरस मीटर मेंब्रेनमधून ताशी किती लिटर पाणी निघतं, म्हणजे एलएमएच. दुसरा टीएमपी: मेंब्रेनच्या दोन बाजूंमधला दाबाचा फरक. तिसरा परमिएबिलिटी, म्हणजे फ्लक्स भागिले टीएमपी. पहिले दोन आकडे बहुतेक लॉगबुकांत असतात, तिसरा क्वचित. खरी गोष्ट मात्र तिसराच सांगतो. टीएमपी फ्लक्सबरोबर वर-खाली होतच असतो, त्यामुळे एकट्या टीएमपीवर निदान करणं म्हणजे माणूस धावतोय की बसलाय हे न विचारता त्याची नाडी बघण्यासारखं आहे.

पायरी १: टीएमपी खरा आहे का?

पर्मिएट लाइनवरचा प्रेशर ट्रान्समीटर बहुतेक ठिकाणी पाण्याच्या पातळीच्या वर बसवलेला असतो. पाणी तेवढ्या उंचीवर चढवायलाही सक्शन लागतंच. एक मीटर उंचीला साधारण ०.१ बार. म्हणजे गेज उणे ०.२५ बार दाखवत असेल आणि ते पाण्यापासून एक मीटर वर असेल, तर मेंब्रेनवरचा खरा दाब ०.१५ च्या आसपास. टाकीची पातळी ३० सेंटिमीटर खाली गेली तर मेंब्रेन जसंच्या तसं असूनही गेजवर ०.०३ बार वाढ दिसेल.

काढायची रीत सोपी आहे. पंप चालू असताना, प्रवाह स्थिर झाल्यावरचं रीडिंग घ्या. मग रिलॅक्समध्ये पंप थांबल्यावर २०-३० सेकंदांनी, काटा ठरल्यावर, दुसरं घ्या. दोन्हींतला फरक म्हणजे टीएमपी. दोन्ही वेळा टाकीची पातळी सारखी हवी. पाइपमधलं घर्षण यात थोडं मिसळतं, पण रोजच्या तुलनेला ते चालतं. लाइनमध्ये हवा अडकली असेल तर काटा ठरतच नाही. नाचणारा काटा दिसला की आधी हवा काढा, मग आकड्यावर बोला.

हे सगळं पाच मिनिटांचं काम. तरी या पाच मिनिटांअभावी एक अख्खी ट्रेन (मेंब्रेनचा एक स्वतंत्र गट) रिकामी करून धुतलेली मी पाहिली आहे. ट्रान्समीटरच्या बारीक नळीत गाळ बसला होता, एवढंच.

पायरी २: परमिएबिलिटी काढा, तीही तापमान धरून

एक उदाहरण घेऊ. मेंब्रेनचं क्षेत्रफळ १,००० चौरस मीटर, पर्मिएट ताशी १८ घनमीटर. फ्लक्स झाला १८ एलएमएच. टीएमपी ०.१५ बार. परमिएबिलिटी १८ भागिले ०.१५, म्हणजे १२० एलएमएच प्रति बार.

आता पाण्याचं तापमान. गार पाणी घट्ट असतं. २० अंशांना पाण्याची व्हिस्कॉसिटी जेवढी असते त्याच्या तुलनेत १० अंशांना ती सुमारे ३० टक्के जास्त, तर ३० अंशांना सुमारे २० टक्के कमी. मेंब्रेन तेच, गाळ तोच, तरी थंडीत टीएमपी वाढतो. म्हणून परमिएबिलिटी २० अंशांवर आणून लिहायची: मोजलेल्या आकड्याला १.०२५ च्या (२० वजा तापमान) या घाताने गुणायचं. आपल्या उदाहरणात पाणी २८ अंश असेल तर घात उणे ८, गुणक ०.८२, आणि १२० चे झाले साधारण ९८. आपण १२० समजून निवांत होतो, प्रत्यक्षात आकडा शंभराच्या खाली. ही दुरुस्ती न केल्याने उन्हाळ्यात फाउलिंग, म्हणजे मेंब्रेनवर साचलेला थर, लपतं आणि थंडी पडली की "अचानक" उघडं पडतं.

पंपाचं चक्रही लक्षात घ्या. ९ मिनिटं सक्शन आणि १ मिनिट रिलॅक्स असेल, तर चालू असताना २० एलएमएच ओढल्यावर हातात निव्वळ १८ पडतात. बॅकवॉश (पाणी उलट दिशेने सोडून मेंब्रेन धुणं) असेल तर त्याचं पाणीही वजा. परमिएबिलिटीच्या हिशेबात मात्र चालू असतानाचा फ्लक्स घ्यायचा, निव्वळ नव्हे. ही गल्लत सर्रास होते.

पायरी ३: चढ कसा आहे ते बघा

गेल्या दोन-तीन महिन्यांचा परमिएबिलिटीचा आलेख काढा. एक्सेल पुरे. रेषेचा आकारच अर्धं निदान करून देतो.

आठवड्यागणिक हळूहळू उतरणारी रेषा ही नेहमीची घसरण. सेंद्रिय चिकटा आणि सूक्ष्मजीवांचा थर जमतोय, मेंटेनन्स क्लीनिंगचं (नियमित हलक्या केमिकल धुण्याचं) प्रमाण किंवा वारंवारता कमी पडतेय. घाई नाही, पण हात घालायला हवा.

एक-दोन दिवसांत खाली आलेली रेषा म्हणजे गाळाला काहीतरी झालंय, नाहीतर नको ते काहीतरी टाकीत आलंय. तेल, पॉलिमर, अँटीफोम, जास्त क्षाराचं पाणी, विषारी डिस्चार्ज. अशा वेळी मेंब्रेनकडे नाही, टाकीकडे धावायचं.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. कित्येक आठवडे टीएमपी जवळपास सपाट, आणि मग काही तासांत उडी. यामागचं गणित समजून घेण्यासारखं आहे. पंप ठरलेलं पाणी ओढतोच, मेंब्रेनचा काही भाग बंद झाला तरी. मग राहिलेल्या भागाला जास्त ओढावं लागतं. सरासरी फ्लक्स १८ दिसतो, पण ३० टक्के भाग बंद असेल तर उघड्या भागावर तो जवळपास २६ झालेला असतो. तिथे गाळ आणखी वेगाने बसतो, तोही बंद होतो, आणि साखळी सुरू होते. उडी दिसली तेव्हा आजार आठवड्यांपूर्वीच सुरू झालेला असतो. म्हणून टीएमपी सपाट आहे म्हणून खूश होऊ नका. रिलॅक्सनंतर तो मूळ पातळीला परततो का, हे बघत राहा. एका चक्रात चढलेला टीएमपी पुढच्या चक्राच्या सुरुवातीला पूर्ण खाली येत नसेल तर साठत चाललेलं फाउलिंग आहे.

सगळ्या ट्रेन एकत्र घसरल्या तर दोष गाळाचा किंवा येणाऱ्या पाण्याचा. एकच ट्रेन घसरली तर त्या ट्रेनची हवा, व्हॉल्व्ह किंवा आतला कचरा बघा. साधी गोष्ट, पण हा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

पायरी ४: मॉड्यूल वर काढून डोळ्यांनी बघा

क्रेन लावणं कटकटीचं असतं, मान्य. तरी महिनाभर केमिकल ओतण्यापेक्षा एक कॅसेट (मेंब्रेनचा उचलता येणारा संच) उचलून बघणं स्वस्त पडतं. वर काढल्यावर मेंब्रेन सुकू द्यायचं नाही, हे आधी ठरवा. पाण्याचा पाइप तयार ठेवा आणि सतत ओलं ठेवा. एकदा सुकलेल्या छिद्रांतून पाणी पूर्वीसारखं जात नाही. नवं मेंब्रेन ग्लिसरीन लावून येतं ते याचसाठी.

मेंब्रेन सपाट शीटचं (फ्लॅट शीट) असतं किंवा पोकळ धाग्यांचं (होलो फायबर). शीटच्या फटीत किंवा फायबरच्या जुडग्यात दही विरजल्यासारखे घट्ट गाळाचे गठ्ठे बसले असतील, तर ते फाउलिंग नव्हे, क्लॉगिंग. हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) त्यात शिरतच नाही. तो गाळ कमी दाबाच्या पाण्याने, हाताने, धीराने काढावा लागतो. प्रेशर वॉशर लावून फायबर तोडणारे महाभाग भेटतात. त्यांना कॅसेटपासून लांब ठेवा.

फायबरच्या वरच्या टोकाला केस आणि कापसाच्या धाग्यांचे पीळ दिसले की सरळ स्क्रीनकडे जा. होलो फायबरला १ ते २ मिलीमीटर, फ्लॅट शीटला २ ते ३ मिलीमीटरचा स्क्रीन लागतो, आणि तोही गोल छिद्रांचा. उभ्या फटींच्या स्क्रीनमधून केस लांबीत सरळ निघून जातात. शिवाय २ मिलीमीटरच्या स्क्रीनच्या कडेला रबर फाटून बोटभर फट पडली असेल, तर तुमच्याकडे बोटभर फटीचा स्क्रीन आहे. पावसात उघडलेला बायपास पाऊस संपल्यावर बंद केला का, हेही विचारून घ्या.

कचरा नाही, फक्त तपकिरी बुळबुळीत थर, बोटाने पुसला जाणारा? हे सेंद्रिय आणि जैविक फाउलिंग. यावर हायपो चालतं. पांढुरकं, खरखरीत, नखाने खरवडलं तर कणकण पडणारं? हा क्षाराचा थर. त्यावर पातळ अ‍ॅसिडचा थेंब टाकून बघा. फसफसलं तर कॅल्शियम कार्बोनेट. फॉस्फरस काढायला फेरिक क्लोराइड टाकत असाल आणि मेंब्रेनवर गंजासारखी छटा असेल, तर लोह. क्षार आणि लोह दोन्हींना अ‍ॅसिडच लागतं. हायपोने ती घाण हलत नाही, उलट पीएच वाढल्याने कॅल्शियम आणखी बसू शकतं.

पायरी ५: गाळ काय म्हणतोय

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायला हवा, आणि सगळ्यात कमी वेळ इथेच दिला जातो.

रोजची एक चाचणी सुरू करा. फिल्टर पेपरची घडी घालून फनेलमध्ये बसवा, त्यात मेंब्रेन टाकीतला ५० मिलीलिटर गाळ ओता, खाली मापाचं भांडं ठेवा आणि पाच मिनिटांत किती पाणी गळतं ते मोजा. साधारणपणे १० मिलीलिटर किंवा जास्त आलं तर गाळ चांगला गाळला जातोय. ५ च्या खाली आलं तर टीएमपी आज ठीक असला तरी लवकरच चढणार असं समजा. पेपर दरवेळी एकाच प्रतीचा हवा. भांड्यात जमलेलं पाणी नितळ पाण्यासारखं आहे की धुरकट, तेही लिहा. धुरकट असेल तर गाळाचे पुंजके फुटलेत आणि सुटे बारीक कण, सूक्ष्मजीवांनी सोडलेली प्रथिनं आणि शर्करा पाण्यात मोकळी फिरताहेत. मेंब्रेनची छिद्रं बुजवण्यात या विरघळलेल्या चिकट्याचा हात मोठा असतो. नुसत्या एमएलएसएसच्या (टाकीत गाळ किती दाट आहे त्याच्या) आकड्यावरून तो दिसत नाही.

एमएलएसएस बहुतेक प्लांटमध्ये लिटरला ८,००० ते १२,००० मिलीग्रॅमच्या दरम्यान ठेवतात. पण कुठल्या टाकीतला? मेंब्रेन टाकीतून पाणी निघून जातं, गाळ मागे उरतो, म्हणून तिथे तो दाट होतो. किती दाट, ते रिसर्क्युलेशनवर ठरतं. येणाऱ्या प्रवाहाच्या चौपट गाळ परत फिरवत असाल तर एरेशनमधले ८,००० मेंब्रेन टाकीत १०,००० होतात. दुप्पटच फिरवला तर १२,०००. आणि पंप बिघडून एकपटच राहिला तर १६,०००. तेवढ्या दाट गाळात हवेचे बुडबुडे नीट वर येत नाहीत आणि फायबरच्या मध्ये लगदा साचतो. चोक झालेल्या मेंब्रेनचं मूळ रिसर्क्युलेशन पंपाच्या घासलेल्या इम्पेलरमध्ये सापडलं की ऑपरेटरचा विश्वास बसत नाही. पण हिशेब एवढाच आहे.

एमएलएसएस वाढतच का जातो, याचं उत्तर बहुतेकदा तांत्रिक नसतं. गाळातलं पाणी काढणारा फिल्टर प्रेस किंवा सेंट्रिफ्यूज बंद आहे, गाळ न्यायला गाडी आली नाही, म्हणून वेस्टिंग, म्हणजे जादा गाळ काढून टाकणं, थांबलंय. महिनाभर थांबतं. उलट टोकही वाईट: गाळ फार काढून त्याचं वय आठ-दहा दिवसांच्या खाली गेलं की कोवळा गाळ चिकटा जास्त सोडतो. मधला रस्ता धरा आणि वेस्टिंग रोज थोडंथोडं करा, आठवड्यातून एकदा एकदम नको.

सेंट्रिफ्यूजवरून आठवलं. तिथून परत येणाऱ्या पाण्यात गाळ बांधायला टाकलेला जादा पॉलिमर असेल तर तो थेट मेंब्रेनला चिकटतो. परतीचं पाणी दोन बोटांत चोळून बघा, बुळबुळीत लागलं तर पॉलिमरचा डोस जास्त आहे.

विरघळलेला ऑक्सिजन एरेशन टाकीत लिटरला दीड-दोन मिलीग्रॅमच्या आसपास हवा. तो दीर्घकाळ फार कमी राहिला की धाग्यासारखे जीवाणू वाढतात, पुंजके विस्कटतात आणि फेस येतो. आणि फेस आला की लोक अँटीफोम शोधतात.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका प्लांटवर सकाळी टाकीच्या काठावरून फेस बाहेर सांडत होता, दुपारी पाहणी होती. स्टोअरमध्ये डिफोमरचा कॅन पडला होता. लेबल न वाचता ओतला. तासाभरात फेस गेला, पाहणी छान झाली. दोन दिवसांत परमिएबिलिटी निम्म्यावर आली. सिलिकॉनचं डिफोमर होतं. सिलिकॉन मेंब्रेनवर तेलकट पापुद्रा धरतं, तो हायपोने निघत नाही आणि अ‍ॅसिडनेही नाही. दोनदा धुऊनही ते मेंब्रेन पूर्वपदावर आलं नाही. तेव्हापासून एक नियम: टाकीत काहीही नवं टाकायचं असेल तर आधी बादलीभर गाळात मिसळून फिल्टर पेपर लावायचा, आणि मेंब्रेनच्या निर्मात्याच्या यादीत ते चालतं का ते बघायचं. फेसावर पाण्याचा फवारा मारणं कंटाळवाणं असतं, पण त्याने कुणाचं मेंब्रेन गेलेलं मी ऐकलं नाही.

गाळ बिघडलाच असेल आणि सुधारायला वेळ लागणार असेल, तर पावडर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन किंवा फेरिक क्लोराइडचा मोजका डोस विरघळलेला चिकटा बांधून ठेवतो. जार टेस्ट (छोट्या भांड्यांत डोस तपासणं) करून, तात्पुरता उपाय म्हणून. सवय लावून घेऊ नका.

पायरी ६: हवा

मेंब्रेनखालची हवा सूक्ष्मजीवांना श्वास घ्यायला नसते, मेंब्रेन घासायला असते. मोठे बुडबुडे वर जाताना फायबर हलवतात आणि गाळाचा थर झाडत राहतात. टाकीच्या काठावर उभं राहून बघा. पृष्ठभाग सगळीकडे सारखा उकळल्यासारखा दिसायला हवा. कुठे पाणी शांत दिसलं तर त्याच्या खालची डिफ्यूजरची छिद्रं बुजलेली असणार. ब्लोअरची हवा गरम असते. ती छिद्राच्या तोंडाशी गाळ सुकवत राहते आणि कालांतराने तिथे खडा तयार होतो. त्यावर उपाय हेडरमध्ये (हवेच्या मुख्य नळीत) रोज काही मिनिटं पाणी सोडून फ्लश करणं. ज्या प्लांटमध्ये ही सोय आहे तिथेही तो व्हॉल्व्ह गंजून बसलेला आढळतो.

ब्लोअरचा डिस्चार्ज प्रेशर हळूहळू चढत असेल तर तोही बुजलेल्या डिफ्यूजरचाच पुरावा. हवा किती द्यायची ते निर्मात्याच्या आकड्यानुसार ठरवा. त्यापुढे वाढवत नेली तर एका मर्यादेनंतर फायदा थांबतो, पुंजके मात्र फुटू लागतात आणि वीज जाते ती वेगळीच.

पायरी ७: फ्लक्स खाली आणा

१९९५ साली रॉबर्ट फील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्रिटिकल फ्लक्सची कल्पना मांडली: एका ठराविक फ्लक्सच्या खाली फाउलिंग नगण्य, त्याच्या वर गेलात की वेगाने. प्रत्यक्ष सांडपाण्यात थोडं फाउलिंग सगळीकडेच होतं, तरी ती सीमा असते आणि तुमच्या गाळासाठी ती शोधता येते. फ्लक्स दर १५-२० मिनिटांनी २-३ एलएमएच वाढवा आणि प्रत्येक टप्प्यात टीएमपी बघा. टप्पा बदलताच टीएमपी उडी मारून स्थिर झाला तर ठीक. फ्लक्स स्थिर असूनही टीएमपी चढतच राहिला, तर तुम्ही सीमा ओलांडलीत. रोजचं काम त्याच्या बऱ्यापैकी खाली ठेवा. घरगुती सांडपाण्यावर निव्वळ फ्लक्स साधारण १० ते २५ एलएमएच असतो, आणि औद्योगिक पाण्यावर बहुतेकदा त्याच्या खालच्या बाजूला.

एक नेहमीचा सापळा सांगतो. तीन ट्रेन १८ एलएमएचवर चालताहेत. एक धुवायला बंद केली. येणारं पाणी तेवढंच, मग उरलेल्या दोन २७ वर. एक ट्रेन धुऊन निघते तोवर बाकीच्या दोन चोक होतात आणि क्लीनिंगची रांगच लागते. म्हणून धुणं कमी प्रवाहाच्या वेळी लावा आणि इक्वलायझेशन टाकी (येणारं पाणी साठवून प्रवाह सारखा ठेवणारी) आदल्या तासांत रिकामी करून ठेवा.

पायरी ८: आता धुवा

मेंटेनन्स क्लीनिंग जागेवरच होतं. साधारण आठवड्यातून एकदा, बॅकवॉशच्या दिशेने २०० ते ५०० मिलीग्रॅम प्रति लिटर हायपो, अर्धा ते एक तास थांबून-थांबून. रिकव्हरी क्लीनिंग वर्षातून एक-दोनदा: टाकी रिकामी करून, गाळ पाण्याने धुऊन काढून, मग मेंब्रेन द्रावणात बुडवून ठेवायचं. हायपो १,००० ते २,००० मिलीग्रॅम प्रति लिटर, काही तासांपासून रात्रभर. काही फ्लॅट शीटसाठी निर्माते आणखी कडक द्रावण कमी वेळ सांगतात. फ्लॅट शीटला पंपाने उलटा दाब द्यायचा नाही, शीट फुगून चिकटवलेली कड सुटते. तिथे द्रावण उंचावरच्या टाकीतून आपल्या वजनाने आत उतरू द्यायचं.

हायपोची खरी ताकद तपासा. १० घनमीटर टाकीत १,००० मिलीग्रॅमचं द्रावण हवं असेल तर १० किलो क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं हायपो साधारण १०० लिटर. पण उन्हात दोन महिने उभा असलेला कॅन ६ टक्क्यांवर आलेला असतो. तेच १०० लिटर ओतलं तर द्रावण ६०० चं होतं, आणि मग लोक म्हणतात या मेंब्रेनला हायपो लागूच पडत नाही. टायट्रेशन करा. बुडवून ठेवल्यावरही तासा-दोन तासांनी उरलेलं क्लोरीन मोजा. ते पहिल्या तासातच संपलं असेल तर टाकीत गाळ उरला होता आणि हायपो त्यातच खर्च झालं.

क्षारासाठी सायट्रिक अ‍ॅसिड, पीएच २ ते ३. लोहावर ऑक्झॅलिक चांगलं चालतं, पण पाण्यात कॅल्शियम जास्त असेल तर त्याचं न विरघळणारं ऑक्झलेट बनतं आणि एक थर काढताना दुसरा बसतो. तिथे सायट्रिकच बरं. आधी काय, हे पायरी ४ मध्ये जे दिसलं त्यावर ठरवा. चिकटा वरचढ असेल तर आधी हायपो, क्षार वरचढ असेल तर आधी अ‍ॅसिड.

दोन्हींच्या मध्ये टाकी, पाइप आणि डोसिंग लाइन पाण्याने पूर्ण धुवायची. ही विनंती नाही. हायपो आणि अ‍ॅसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद खोलीत तो माणूस मारू शकतो. दोन केमिकलना एकच डोसिंग पंप असेल तर तो बदलून घ्या. चष्मा, हातमोजे, मास्क, उघडी खिडकी, आणि जवळ दुसरा माणूस. एकट्याने हे काम करू नका.

द्रावण ३०-३५ अंशांचं असेल तर जास्त चांगलं काम करतं. ४० च्या वर न्यायच्या आधी निर्मात्याची मर्यादा बघा. पीव्हीडीएफ या प्लास्टिकच्या मेंब्रेनला तीव्र कॉस्टिक चालत नाही, तेव्हा "थोडा सोडा टाकू, जोर येईल" हा सल्ला कानाआड करा.

मेंब्रेनचं क्लोरीनचं खातंही ठेवा. १,००० मिलीग्रॅममध्ये ८ तास म्हणजे ८,००० पीपीएम-तास. आठवड्याला २०० मिलीग्रॅमचं एक तासाचं मेंटेनन्स क्लीनिंग वर्षभरात १०,४०० खातं. निर्माता आयुष्यभराची मर्यादा देतो. वारंवार कडक धुणाऱ्याचं मेंब्रेन चोक होऊन नाही, ठिसूळ होऊन तुटतं. पर्मिएटची टर्बिडिटी (गढूळपणा) एरवी ०.२ एनटीयूच्या खाली असते. ती चढू लागली तर फायबर तुटलेत का, सील गळतंय का ते तपासा. परमिएबिलिटी अचानक "सुधारली" आणि टर्बिडिटीही वाढली, तर पेढे वाटू नका.

द्रावण निथळून काढल्यावर पाण्याने धुवा. वापरलेलं द्रावण थेट एरेशन टाकीत सोडू नका. आधी उरलेलं क्लोरीन मारून आणि पीएच सातच्या आसपास आणून थोडंथोडं सोडा. मग गाळ भरा, हवा सुरू करा, आणि पहिले काही तास निम्म्या फ्लक्सवर चालवा. सुरुवातीचं पर्मिएट परत टाकीत फिरवा, क्लोरीन शून्य दिसेपर्यंत. टीएमपी रिलॅक्सच्या रीडिंगसह घ्या, तापमान घ्या, २० अंशांवरची परमिएबिलिटी काढा, आणि लॉगबुकच्या नव्या पानावर तारखेसह सगळ्यात वर लिहा. त्याच्या शेजारी मेंब्रेन नवं असतानाचा आकडा. त्याच्याखाली आजचं फिल्टर पेपरचं रीडिंग.